चावीवर लावलेला वायरलेस

चंदीगडला लागून असलेल्या मनीमाजऱ्याच्या मोटर मार्केटमध्ये विश्राम राऊळचं खरं नाव फारसं कुणाला माहीत नव्हतं. सगळे त्याला फौजी म्हणत. तसे त्या बाजारात फौजी पैशाला पासरी होते. पलटणीतून सुटायचं, चंडीमंदिरच्या छावणीपासून सायकलच्या टप्प्यात एखादा गाळा धरायचा आणि पाना-पक्कड घेऊन बसायचं, ही तिथली रीतच होती. पण "फौजी के पास ले जा" असं कुणी म्हटलं, की गाडीतल्या विजेचं काहीतरी बिघडलंय आणि बाकीच्यांनी हात टेकलेत, एवढं कळायचं.

विश्राम मूळचा सावंतवाडीकडचा. अंगाने काटकुळा, तोंडाने तिखट. लष्कराच्या सिग्नल्समध्ये, म्हणजे बिनतारी संदेशांच्या पलटणीत, हवालदार होऊन निवृत्त झाला आणि गावी न जाता इथेच राहिला. "गावी जाऊन करू काय? माडांना वायरिंग करू?" असं तो बायकोला, नलिनीला, दरवर्षी ऐकवायचा. नलिनी बिचारी दर मे महिन्यात ट्रंक भरायला घ्यायची आणि पुन्हा रिकामी करायची. एकुलती लेक लग्न होऊन कुडाळला, आणि हे दोघं गाळ्याच्या वरच्या खोलीत, खिडकीतून शिवालिकचे डोंगर बघत.

त्याची एक खोड साऱ्या बाजाराला ठाऊक होती. काम संपलं की गाडीची चावी काढून तो गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचा, त्याची मूठ आपल्या हाताने मिटायचा आणि विचारायचा, "चाबी आपके पास. अब बोलो, गाडी में क्या जिंदा रहना चाहिए?" गिऱ्हाईक गोंधळायचं. मग हा एकेक बटण दाबून दाखवायचा. हॉर्न बंद, दिवा बंद, टेप बंद. चावी गेली की सगळ्यांनी झोपलं पाहिजे, कुणी चोरून बॅटरी खाता कामा नये. "अपवाद फक्त एकाचा," तो म्हणायचा, "वायरलेसचा. त्याला कधी झोपवायचं नाही."

हे तो युद्धात शिकला होता. एकाहत्तर साली एका जीपवरचा सेट कुणीतरी सोयीसाठी चावीवर जोडला होता. ड्रायव्हरने सवयीने चावी फिरवली आणि पलीकडून बोलणाऱ्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तुटलं. चावी परत फिरवेपर्यंत पलीकडे बोलायला कुणी उरलं नव्हतं. विश्राम तेव्हा त्या जीपमध्ये कानाला हेडफोन लावून बसला होता. पुढे आयुष्यभर त्याने सेटची तार थेट बॅटरीवरून घेतली, मध्ये फक्त एक फ्यूज ठेवला. चावीचा आणि बोलण्याचा संबंध ठेवायचा नाही, हा त्याचा धर्मच झाला होता म्हणा ना.

बाजारात वायरलेसची कामं कुठून येणार? त्या दिवसांत तर साध्या रेडिओकडेही लोक वाकड्या नजरेने बघत. ऐंशीचं दशक, दहशतवादाने पंजाब पेटलेला. दिवस मावळायच्या आत दुकानांची शटर खाली यायची, बसमध्ये चढताना लोक एकमेकांचे चेहरे वाचायचे, मोटारसायकलवर मागे माणूस बसवायला बंदी. आज बंद, उद्या कर्फ्यू, परवा कुठे तरी स्फोट. खरड, कुराळी, रोपड अशा गावांतल्या छोट्या दवाखान्यांना रक्त लागलं तर ते चंदीगडहून न्यायचं कसं, हा मोठाच प्रश्न झाला होता. त्यावर डॉक्टर शैलजा देवस्थळींनी तोड काढली. त्या मोठ्या इस्पितळात रक्तपेढीचं काम बघत, नागपूरच्या, बोलायला रोखठोक. त्यांनी चार माणसं जमवून 'जीवनदूत समिती' काढली, देणगीतून तीन बुलेट घेतल्या आणि दारोदार खेटे घालून तीन वायरलेस सेटची खास परवानगी मिळवली. परवानगीला दोन अटी होत्या. गाडी आणि सेट भलत्या हाती पडू नये म्हणून स्वाराने गाडीवरून पाय खाली टेकला की चावी काढायची. आणि जोडणी एकदा तपासून घेतली की तिच्यात न सांगता फेरफार करायचा नाही.

"राऊळ, मराठी माणूस आहात म्हणून नाही हं सांगत," शैलजाबाई गाळ्यात येऊन म्हणाल्या, "पण हे काम तुम्हीच करायचंय."

विश्राम वरवर कुरकुरला, पण मनातून हरखला. कितीतरी वर्षांनी हातात सेट आला होता. बुलेटची बॅटरी सहा व्होल्टची आणि सेटला बारा लागत, तेव्हा त्याने आधी तिन्ही गाड्यांचं सगळं विजेचं अंग बदललं. सेट मागच्या कॅरिअरवर पत्र्याच्या पेटीत, खाली रबर घालून बसवला. इंजिन चालू झालं की प्लगची ठिणगी सेटमध्ये खरखरते, ती त्याने चिकाटीने काढून टाकली. सायरन, लाल दिवा, जादा हॉर्न, सगळं रीतसर चावीवर. सेट तेवढा थेट बॅटरीवर. हँडलच्या बाजूला माइक अडकवायला त्याने पितळी पट्टीची एक पकड घरी बनवली. माइक आधी वर उचलायचा, मग बाहेर ओढायचा, तरच सुटायचा. "गाडी खड्ड्यात उलटली तरी माइक पडणार नाही," तो फुशारकीने सांगायचा. "कुणी हातानेच काढला पाहिजे."

तिन्ही गाड्यांची शेवटची परीक्षा त्याने तशीच घेतली. चावी स्वाराच्या मुठीत, मूठ मिटलेली, आणि विश्रामने माइक दाबून इस्पितळामागच्या खोलीत बसलेल्या सरोजला हाक मारली. सरोज ही तिथली ऑपरेटर, आवाजाने गोड आणि शिस्तीने कडक. तिचं "बोलिये, सुन रही हूँ" ऐकू आल्यावरच त्याने गाडी सोडली.

तिघा स्वारांत रघुवीरसिंग सगळ्यांत लहान. खरडजवळच्या खेड्यातला, अंगापिंडाने दांडगा, पगडी निळी आणि तोंड सदा चालू. तो सेटवर इतकं बोलायचा की सरोज त्याला दिवसातून एकदा तरी झापायची. घरी त्याची आई, बेबे, आणि दोन म्हशी. बाप लहानपणीच गेलेला. गाडीचं काही असो नसो, तो गाळ्यावर यायचाच. विश्रामला चाचाजी म्हणायचा आणि नलिनीची सोलकढी पेल्यामागून पेला रिचवायचा. तिला तो 'गुलाबी लस्सी' म्हणे. नलिनीच्या आमसुलांचा डबा वर्षाला पुरायचा तो आता दिवाळीलाच तळ गाठू लागला. ती तक्रार करायची, आणि तो आला नाही तर दोनदा जिन्यात डोकावून बघायची.

विश्रामचा त्याच्यावर जीव होता. हे तो कबूल करणारा माणूस नव्हे. "बडबड्या आहे लेकाचा," एवढंच म्हणायचा.

त्या हिवाळ्यात रघुवीरच्या हातून एक चूक वारंवार होऊ लागली. दमून घरी गेला की सेट बंद करायला विसरायचा. रात्रभर सेट बॅटरी पीत बसायचा आणि सकाळी गाडी किकमागून किक मारूनही हूं की चूं करायची नाही. एकदा त्यापायी कुराळीला रक्त उशिरा पोचलं. तिथला रुग्ण वाचला, पण समितीच्या चिटणिसांनी रघुवीरला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. पुन्हा असं झालं तर गाडी काढून घेऊ म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तो गाळ्यावर आला तो सोलकढी न मागता खाली मान घालून बसला. मग म्हणाला, "चाचाजी, एक काम कर दो यार. सेट को भी चाबी पे ले लो. चाबी निकाली, सेट बंद. भूलने का सवाल ही नहीं."

"नाही जमणार," विश्राम म्हणाला. "वो नहीं होगा."

"मेरी नौकरी जाएगी, चाचाजी."

"जाऊ दे. सेट बंद करायला शिक. बटण आहे ना त्याला?"

रघुवीर काही बोलला नाही. बडबड्या माणूस गप्प बसला की घर खायला उठतं. नलिनी चहा घेऊन खाली आली होती. तिने दोघांकडे पाहिलं आणि मालवणीत नवऱ्याला म्हणाली, "लाव मां रे. पोराच्या पोटार कित्याक पाय देतंस? तुझो नियम काय देवान सांगल्यान?"

विश्राम तिच्यावर खेकसला. पण खेकसता खेकसता त्याने हातात पक्कड घेतली. त्याला स्वतःलाही कळलं नाही, आपण कधी उठलो ते. बॅटरीवरून येणारी सेटची तार त्याने काढली आणि चावीच्या स्विचवर नेऊन बसवली. जोड असा केला की बाहेरून कुणाला फरक कळू नये. समितीला सांगायचं ठरलं असतं तर परवानगीचं लचांड उभं राहिलं असतं, म्हणून सांगायचं नाही असं दोघांत ठरलं. काम झाल्यावर सवयीने त्याने चावी काढली, रघुवीरच्या तळहातावर ठेवली आणि थांबला. आता विचारायचं काय? मूठ तशीच उघडी सोडून तो म्हणाला, "जा. नीट चालव."

त्यानंतर बॅटरी एकदाही बसली नाही. रघुवीर दोन दिवसांनी मक्याच्या रोट्या आणि साग घेऊन आला, बेबेने पाठवलेलं. नलिनी म्हणाली, बघ, उगाच अडून बसला होतास. विश्रामला वाटलं, खरंच, म्हातारपणी माणूस हट्टी होतो.

फेब्रुवारीत, गहू गुडघाभर असताना, एका दुपारी रघुवीर खरडच्या एका प्रसूतिगृहासाठी रक्त घेऊन निघाला. खरडच्या अलीकडे तो सेटवर बोलला, "रास्ते में ट्रॉली खडी है. देखता हूँ, साइड से निकल जाऊंगा." सरोज म्हणाली, ठीक. त्यानंतर तो बोलला नाही. तिला वाटलं, निघाला असेल बाजूने. बऱ्याच वेळाने तिने हाक मारली, पुन्हा मारली. उत्तर आलं नाही तेव्हा ती धावत शैलजाबाईंकडे गेली.

एका दूधवाल्याला तो सापडला. गाडी स्टँडवर व्यवस्थित उभी, रक्ताची पेटी जागेवर, आणि रघुवीर चाकाला टेकून बसलेला, पोटात गोळी. अंगात अजून ऊब होती म्हणे. पण जीव गेला होता, दूधवाल्याला करण्यासारखं काही राहिलं नव्हतं. ट्रॉली गेली होती. गाडीची चावी कुठेच नव्हती.

विश्रामला बाजारात बातमी कळली. तो शटर ओढून वर गेला आणि नलिनीला सांगून खाटेवर बसला. नलिनी रडली, त्याला रडू येईना. त्याच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. रघुवीर उतरला तेव्हा त्याने नियमाप्रमाणे चावी काढली असणार.

चार दिवसांनी पोलिसांची तपासणी उरकून गाडी टेम्पोत घालून त्याच्याकडेच आली. सेट काढून ठीक आहे का बघा, असा निरोप होता. विश्रामने गाडीवरची ताडपत्री दूर केली. माइक पकडीत नव्हता. वेटोळ्याची तार ताणून लांब झालेली, आणि माइक खाली, मागच्या चाकाशी लोंबत होता. गाडी उलटली नव्हती, स्टँडवर उभी होती. मग तो पडणार कसा? विश्राम खाली बसला. माइक हातात घेतला. बोलताना दाबायचं बटण वाळलेल्या रक्ताने आत चिकटून बसलं होतं. ते बाहेर यायला त्याला नख लावावं लागलं.

त्याला सगळं दिसलं. ट्रॉलीवाल्यांना गाडी हवी होती. रघुवीरने चावी दिली नाही, कुठे तरी भिरकावली. त्यांनी गोळी घातली आणि पळाले. मग हा सरपटत गाडीपाशी आला, हात वर करून माइक उचलला, बाहेर ओढला, आणि बटण दाबून बोलत राहिला. साऱ्या पंजाबात त्याच्याइतकं सेटवर बोलणारं पोर नव्हतं आणि सेट मेलेला होता. शहरातून गाडी धावत आली असती तर वाचला असता का? कदाचित नसताही. पण सरोजचा आवाज तरी त्याला ऐकू आला असता. विश्राम सेटच्या पेटीसमोर फरशीवर तसाच बसलेला, आणि तेव्हा त्याला रडू आलं, असं की शेजारच्या गाळ्यातला पेंटर धावत आला.

त्याने पेटी उघडली, समितीकडची दुसरी चावी लावून पाहिली. सेट ठणठणीत होता. तसाच निरोप त्याने पाठवला, 'सेट ठीक आहे.' ते खोटं नव्हतं. पुढे काही लिहायला मात्र त्याचा हात उठला नाही.

आणि तिथून कुजबुज सुरू झाली. सेट ठीक होता, तर पोरगा बोलला का नाही? चावी कुठे गेली? उतरला कशाला? ओळखीचे भेटले असणार. अतिरेक्यांच्यातलाच असेल, पैशाअडक्यावरून बिनसलं असेल. ते दिवसच तसे होते. एखाद्याविषयी संशयाचा शब्द निघाला की त्याला पाय फुटायचे, आणि मेलेला माणूस खुलासा करायला येत नाही. समितीतले लोक परवानगी जाईल म्हणून धास्तावले होते. रघुवीरच्या भोगाला, म्हणजे शेवटच्या प्रार्थनेला, समितीचं कुणी जायचं नाही असं ठरलं. शैलजाबाई एकट्या गेल्या. विश्राम गेला नाही. ताप आलाय असं सांगून पडून राहिला.

भोग झाल्यावर थोड्याच दिवसांत बेबे गाळ्यावर आली. उंच, सुकलेली, पांढऱ्या चुन्नीतली बाई. विश्रामने तिला आजवर फक्त रोट्यांच्या फडक्यावरून ओळखलं होतं. तिने पाणी घेतलं नाही, बसलीही नाही.

"भाई, तार तूं जोडी सी," ती म्हणाली. "तैनूं पता होऊ. मेरा पुत्त डर गया सी?" तुलाच ठाऊक असणार, म्हणत होती.

गावातले लोक आता तिच्या दारावरून जाताना मान वळवतात, ती सांगत होती. म्हशींचं दूधही कुणी घेत नाही. त्याचं तिला काही नाही. पण तिचा मुलगा दिवसभर बोलायचा, झोपेत बोलायचा. मग त्या वेळी तोंडाला कुलूप का लागलं? घाबरला होता का? की लोक म्हणतात तसंच होतं?

"मी बघून सांगतो," एवढंच विश्राम म्हणाला. ती मान हलवून बसस्टँडकडे निघून गेली.

वर नलिनीने सगळं ऐकलं होतं. तो जिना चढून आला तेव्हा ती दाराशीच उभी होती. "तू गप रव," ती म्हणाली. "परवानगीतली तार न सांगता हलवलंस, ह्या भायर पडला तर पोलीस तुका उचलून नेतले. आजकाल माणूस नेला की परत येता काय? आणि सांगून पोर परत येतला?"

"तो बोलत होतो गे," विश्राम म्हणाला.

"मग? मीच सांगलंय तुका लाव म्हणान. तुका माझा नाव पण घेवचा लागतला मगे?"

त्याच्या मनात तिला दोष द्यायचं कधी आलंच नव्हतं. पक्कड त्याच्या हातात होती. तो तसं म्हणाला, तेव्हा नलिनी भिंतीला टेकून खाली बसली. विश्राम घाबरला होता, हे सांगितलं पाहिजे. युद्ध पाहिलेला माणूस म्हणून तो काही शूर नव्हता. ठाण्यातली खोली त्याच्या डोळ्यांपुढे येत होती, आणि त्यानंतर परमुलखात एकटी पडलेली नलिनी. गप्प बसणं अगदी सोपं होतं. कुणी काही विचारणार नव्हतं. गावीही जाता आलं असतं, नलिनीने यंदा मे महिन्याची वाट न बघता ट्रंक अर्धी भरलीच होती. पण बेबेच्या प्रश्नाचं उत्तर अख्ख्या जगात एकट्या त्याच्याकडे होतं, आणि तो गप्प राहिला असता तर रघुवीर दुसऱ्यांदा मुका झाला असता.

सकाळी त्याने शैलजाबाईंना फोन केला. समितीच्या लोकांना बोलवा म्हणाला, बेबेलाही आणा. कारण सांगितलं नाही.

इस्पितळामागच्या पत्र्याच्या खोलीपुढे छोटंसं अंगण होतं. टेम्पोतून गाडी उतरवून विश्रामने ती तिथे स्टँडवर उभी केली. चिटणीस होते, आणखी दोघं होते, शैलजाबाई हाताची घडी घालून उभ्या. खोलीत सरोज आपल्या सेटपाशी. बेबे आली आणि मुलाच्या गाडीला हात लावून उभी राहिली.

विश्रामने दुसरी चावी लावून फिरवली, माइक उचलून हाक मारली. खोलीतून त्याचाच आवाज मोठा होऊन बाहेर आला आणि पाठोपाठ गाडीवरच्या सेटमधून सरोजचा, "बोलिये, सुन रही हूँ." चिटणीस म्हणाले, "ठीक तो है. यही दिखाने को बुलाया?"

चावी काढून विश्रामने बेबेच्या तळहातावर ठेवली आणि जन्माच्या सवयीने तिची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. "चाबी आपके पास," तो म्हणाला. पुढचा प्रश्न न विचारता त्याने माइक दाबला. "कंट्रोल. कंट्रोल. सरोज." खोली गप्प. तो ओरडून बोलला, तरी गप्प. सरोज दारात आली आणि तिने मान हलवली.

"त्याने हेच केलं," विश्राम म्हणाला. मराठीत म्हणाला हे त्याच्या ध्यानात आलं नाही, शैलजाबाईंनी हिंदीत सांगितलं. मग त्याने माइकची पकड दाखवली, तो हाताशिवाय सुटत नाही ते दाखवलं, बटणावरचे डाग दाखवले. ते त्याने पुसले नव्हते. "वो बोलता रहा. सेट मैंने बंद किया. तार मैंने बदली, किसी को बताए बगैर. उसकी कोई गलती नहीं."

चिटणीस काहीतरी बोलायला लागले. शैलजाबाईंनी त्यांना हाताने थांबवलं. त्या विश्रामकडे बघत होत्या, आणि त्या नजरेत राग होता की दुसरं काही, ते त्याला कळलं नाही.

बेबे गाडीच्या मागच्या चाकापाशी खाली बसली, तो बसला होता तशीच. माइक तिच्या डोक्यावर लोंबत होता. तिने तो धरला, डागांवरून अंगठा फिरवला. "किन्नी वारी बोलया होऊ?" तिने विचारलं. किती वेळा बोलला असेल. मग तिने मूठ उघडून चावी वर धरली, "ला दे." विश्रामने चावी लावली. कसं दाबायचं ते त्याने दाखवलं. तिने दाबलं आणि त्या यंत्राला तोंड लावून, शेताच्या पलीकडच्या माणसाला सांगावं तसं मोठ्याने सांगितलं, "मेरा रघबीर बोलदा सी. तुसीं सुणेया नहीं."

खोलीतून तिचा आवाज सगळ्या अंगणात गेला. सरोज आत पळाली. मग गाडीवरच्या सेटमधून तिचे हुंदके आले आणि हुंदक्यांतून शब्द, "सुन लिया, बेबे. सुन लिया."

बेबेने माइक विश्रामच्या हातात दिला, उठून उभी राहिली आणि त्याच्याकडे न बघता चालू लागली. शैलजाबाई तिला पोचवायला तिच्याबरोबर गेल्या.

व्हायचं ते झालं. सेटची परवानगी रद्द झाली, तिन्ही सेट जमा करावे लागले, समिती मोडली. विश्रामला ठाण्यावर पुन्हापुन्हा जावं लागलं. प्रत्येक वेळी नलिनी गाळ्याच्या पायरीवर बसून राहायची आणि तो कोपऱ्यावर दिसला की उठून वर जायची. शैलजाबाईंनी शब्द टाकला आणि तो सुटला. त्या रस्त्यात भेटल्या तर बोलत, पण राऊळ म्हणून थांबून चौकशी करायचं बंद झालं. निदान खरडच्या बाजूला कुजबुज थांबली. बेबेचं दूध पुन्हा जाऊ लागलं, हे त्याला एका टेम्पोवाल्याकडून कळलं. नलिनी म्हणाली, आता तरी घरी जाऊ. तो म्हणाला, तू जा, मला नाही जाता येणार. ती गेली नाही. गाड्या येत, तो दुरुस्त करी आणि चावी मुकाट्याने बाकावर ठेवून देई. लोकांनी एकदोनदा चेष्टेने मूठ पुढे केली, मग सोडून दिलं.

एप्रिलमध्ये, बैसाखी झाल्यावर, गव्हाची कापणी सुरू झाली. एका दुपारी बेबे गाळ्यासमोर येऊन उभी राहिली. विश्राम धडपडून उठला. तिने चुन्नीच्या गाठीतून एक चावी काढली, गंजलेली, तिच्यात अजून मातीचा कण होता. रस्त्यापासून बरीच आत, शेतात, कापणाऱ्या बायांना मिळाली होती. जोरात फेकली होती पोराने.

तिने विश्रामचा हात धरला, चावी त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याने तिची मिटली होती तशी त्याची मूठ आपल्या दोन्ही हातांनी मिटली. मग बस गाठायला निघून गेली.

नलिनीने वरून जेवायला हाक मारली तेव्हाही त्याची मूठ मिटलेलीच होती.